हॉजेस वेलचा रस्ता

मला उलगडताना जरा बेतानं. मधल्या घडीवर चिकटपट्टी लावलेली आहे, ती मनाला येईल तेव्हा सुटते. हां, असं. आता टेबलावरचे कप बाजूला करा, कारण मी पूर्ण उघडलो की चार माणसांची जागा घेतो.

मी नकाशा आहे. कागदाचा, घडीचा, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग पडलेला. तुमच्या फोनमध्ये रस्ता सांगणारी जी बाई बसलेली असते, तिच्याशी माझी बरोबरी करू नका. मी ज्या मुलखाचा आहे तिथे तिची बोबडी वळते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा सगळा उजाड माळ माझ्या अंगावर आहे. अ‍ॅडलेडच्या छापखान्यात माझा जन्म झाला. डांबरी रस्ते लाल, कच्चे रस्ते तुटक रेघांचे, आणि तळी निळी. त्या निळ्यातली बहुतेक तळी वर्षानुवर्षं कोरडी असतात. म्हणजे थोडं खोटं मी जन्मापासूनच अंगावर वागवत आलो आहे.

मोटार क्लबच्या दुकानात मी मांडणीवर उभा होतो तेव्हा नेव्हिल पास्कोनं मला उचललं. धान्याच्या कोठारांवर यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि निवृत्त होऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. बोटांच्या रेघांत ग्रीस अजून तसंच होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कधी निघताय, काका?"

"यंदाच. थंडी पडली की लगेच."

माझी छाती फुगली. कागदाला छाती नसते हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी होती.

त्याचं घर वॉलरूला, समुद्रकाठी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्का दिसायचा. त्याची बायको ग्लेनिस पास्टीचं, म्हणजे तिकडच्या खिम्याच्या करंजीचं, पीठ मळत होती. तिनं हात पुसले, वाकली, आणि माझ्यावरच्या शेकडो बारीक नावांतून एकावर थेट बोट ठेवलं.

"आहे! नेव, हे बघ, हॉजेस वेल. मला वाटलं होतं एव्हाना पुसून टाकलं असेल."

हॉजेस वेल हे गाव नव्हे. जुन्या रेल्वेवरचा तो एक लहानसा थांबा. ग्लेनिसचा बाप तिथे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता आणि ती नऊ वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली. पुढे रेल्वेच बंद झाली, माणसं गेली, छपरं गेली. माझ्यावर त्या नावापुढे कंसात 'पडकं' असं छापलेलं आहे.

तिथे तिचा धाकटा भाऊ पुरलेला होता. लेनी. अकरा महिन्यांचा असताना डांग्या खोकल्यानं गेला. डॉक्टर दोन दिवसांच्या अंतरावर होता. पुढच्याच वर्षी बापाची बदली झाली आणि आई मरेपर्यंत म्हणत राहिली, कुणीतरी जाऊन त्याला बघून या रे. कुणी गेलं नाही.

"मला एकदा त्याला बघायचंय," ग्लेनिस नेव्हिलला म्हणाली. "तेवढंच. बाकी तू नेशील तिथे मी येईन."

"नेतो की," नेव्हिल म्हणाला. "त्यात काय मोठंसं."

त्यात मोठंसं खरंच काही नव्हतं. मी स्वतः सांगतो, वॉलरूपासून हॉजेस वेल दोन दिवसांची वाट. पहिल्या दिवशी बहुतेक डांबरी रस्ता, मारी गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी कच्च्या रस्त्यानं दुपारच्या जेवणाला पोचता येतं.

पण नेव्हिलनं पेन्सिल हातात घेतली.

तो म्हणाला, एवढं लांब जायचंच तर नुसतं हॉजेस वेल बघून कशाला परत यायचं? पुढे रेघ ओढली ती जुन्या तारायंत्राच्या ठाण्यापर्यंत. तिथून गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत. तिथून वाळूच्या टेकड्यांच्या कडेकडेनं पूर्वेला, आणि वळसा घालून खाली. दोन दिवसांची वाट होती तिची सहा आठवड्यांची झाली. आणि सहा आठवडे म्हटलं की डिझेल वाढलं, पाणी वाढलं, टायर वाढले. मग अशा वाटेला ही गाडी पुरणार का, हा प्रश्न आला. तो एकदा आला तो अकरा वर्षं गेलाच नाही.

त्या मुलखात एक गोष्ट समजून घ्यावी लागते. तिथे जायचं ते थंडीतच, आणि तिकडची थंडी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. उन्हाळ्यात शहाणा माणूस तिकडे फिरकत नाही. म्हणजे एक थंडी हुकली की वर्ष गेलं.

पहिली थंडी गाडीच्या मागच्या स्प्रिंगांनी खाल्ली. दुसरी दुसऱ्या बॅटरीनं. तिसरीत सगळी तयारी झाली होती, पण टपावरची जाळी त्यानं स्वतःच वेल्डिंग करून बनवली आणि ती एका बाजूला बोटभर कलली. माणूस धान्यकोठारावरचा, त्याला बोटभर चालत नाही. जाळी पुन्हा केली. ती होईस्तोवर सप्टेंबर संपला.

शेजारचा मर्व रोज धक्क्यावर गळ टाकायला जायचा. जाता जाता तो नेव्हिलच्या गाडीच्या शेडच्या दारात थांबायचा.

"काय रे नेव, निघालास का?"

"गाडी तयार नाही अजून."

"दोन दिवसांचा रस्ता आहे, शहाण्या. चंद्रावर चाललायस का? माझी मेव्हणी तिथे पोस्टाच्या गाडीतून जाऊन आली. मांडीवर केक घेऊन!"

"तुझ्या मेव्हणीचं नशीब जोरावर म्हणून आली परत."

मर्व हसत निघून जायचा. ग्लेनिस मात्र हसायची नाही. नेव्हिलला काय झालंय ते तिला माहीत होतं.

चोविसाव्या वर्षी तो उत्तरेच्या त्याच मुलखात एका गुरांच्या रानात कामाला होता. एक तरुण जोडपं हरवलं आणि शोधायला गेलेल्यांत नेव्हिलही होता. गाडी सापडली, वाळूत रुतलेली. गाडीत दोन डबे भरून पाणी होतं. ती दोघं चालत निघाली होती, आणि सापडली ती गाडीपासून चार किलोमीटरवर. मुलीच्या एकाच पायात बूट होता. ही गोष्ट नेव्हिलनं ग्लेनिसला लग्नाआधी एकदा सांगितली आणि पुन्हा कधी काढली नाही. त्याऐवजी तो जादा टायर मोजायचा.

म्हणून ती त्याला टोचून बोलत नसे. "पुढच्या थंडीत," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "बरं." पण मला घडी घालताना तिचं बोट एकदा हॉजेस वेलवरून फिरायचंच.

आता माझं सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. मला हे सगळं आवडत होतं. इतर नकाशे गाडीच्या कप्प्यात कोंबले जातात, त्यांच्यावर धूळ बसते, वाऱ्यानं ते फाटतात. मी मात्र दर रविवारी स्वच्छ टेबलावर पसरला जायचो. दोन माणसं माझ्यावर डोकी वाकवायची. नेव्हिल दोरा घेऊन वळणावळणानं माझ्यावर ठेवायचा आणि मग पट्टीवर मोजायचा. थंडी संपली की मला मनातून बरंच वाटायचं. चला, अजून एक वर्ष टेबलावर!

आठव्या वर्षी ग्लेनिस अ‍ॅडलेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. नेव्हिलला तिनं सांगितलं की थेंब दिलेत. तो शेडमध्ये गेल्यावर तिनं लेकीला, लीअ‍ॅनला, फोन लावला. मी टेबलावर उघडाच होतो.

"मधोमध डाग येतोय गं. कडेचं दिसतं, मधलंच जातं. समोर माणूस असला की त्याचे कान दिसतात, तोंड नाही... औषध नाही म्हणतात त्याला. वर्षभर बरं दिसेल, फार तर दोन. मग नाही... नाही, बाबांना अजिबात सांगायचं नाही. ऐक माझं. तुला ठाऊक आहे तो कसा आहे ते. असली बाई घेऊन तो तिकडे जाईल का? मला अंगणात एकटी सोडणार नाही तो. आधी मला लेनीला बघून येऊ दे. मग मीच सांगते."

फोन ठेवून ती माझ्यावर वाकली. पूर्वी चष्म्याशिवाय जे नाव ती वाचायची ते आता तिला सापडेना. तिनं मान कलती केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं. शेवटी माझ्या घड्यांचे उंचवटे मोजत बोट नेलं आणि योग्य जागी थांबवलं. त्या दिवशी मला टेबलावर राहण्यात मौज वाटली नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण कागदाला तोंड नाही.

नेव्हिल आत आला तेव्हा ती म्हणाली, "यंदा जाऊ या, नेव. एप्रिल लागला की."

"जाऊ की. फक्त डिझेलची मोठी टाकी येऊ दे."

टाकी आली ती भलत्याच मापाची. ती परत पाठवली, दुसरी आली तेव्हा ऑगस्ट उजाडला. "आता काय जायचं," नेव्हिल म्हणाला, "उन्हाळा तोंडावर आलाय." सिंककडे तोंड करून ग्लेनिस बराच वेळ एकच कप धूत राहिली.

त्यापुढच्या थंडीत टाकी होती, टायर होते, उपग्रहाचा फोनही होता. पण उत्तरेत पाऊस पडला, कच्चे रस्ते बंद झाले. चार आठवड्यांनी ते उघडले तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "आता उघडलेत ना? चल."

"चिखल आहे अजून. चाकोऱ्या पडल्या असतील. थोडं वाळू दे."

ते वाळेपर्यंत ती थंडीही गेली.

या काळात ग्लेनिसनं एक काम केलं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. ती मला पाठ करत होती. रविवारी नेव्हिल दोरा घेऊन बसला की ती म्हणायची, "परत एकदा सांग बरं, पहिल्यापासून. मारीनंतर काय?" तो खुलायचा. एवढ्या वर्षांनी बायकोला आपल्या योजनेत गोडी वाटू लागली, असं त्याला वाटायचं. तो सांगायचा की मारीनंतर एकवीस किलोमीटरवर कोरडी नदी, छत्तीसवर गुरांचं फाटक, सत्तरवर लोखंडी पूल. ती ओठ हलवत ऐकायची. तो बाहेर गेला की पुटपुटायची, बोटं माझ्या घड्यांवर ठेवून.

"पेन्सिलीची रेघ मरतुकडी दिसते," एकदा ती म्हणाली. "जाड काळा मार्कर घे."

"नकाशा खराब होईल गं."

"होऊ दे. त्याची काय आरती करायचीय?"

त्यानं मार्कर ओढला. मी थेट पाठीपर्यंत भिजलो. पण ती काळी रेघ तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायची, म्हणून मी ती सोसली. पुढे तीही दिसेनाशी झाली.

"कोंबडीसारखी मान वाकडी करून काय बघतेस?" नेव्हिल हसायचा.

"मान धरलीय."

"शेक जरा. वय झालं तुझं."

"तुझं कुठे कमी झालंय, म्हाताऱ्या!"

तिनं गाडी चालवणं सोडलं, तर गुडघा दुखतो म्हणाली. वर्तमानपत्र सोडलं, तर त्यात रोज तेच तेच असतं म्हणाली. त्यानं सगळं खरं मानलं. एंजिनातला बारीकसा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस तो.

अकरावं वर्ष लागलं. एप्रिलमधली एक सकाळ. नेव्हिल शेडमध्ये गाडीतल्या फ्रीजची वायर तपासत होता. ती नीट बसत नव्हती. ग्लेनिसनं मला उचललं, पर्स घेतली, डब्यात पास्ट्या भरल्या, आणि जाऊन गाडीत बसली. पट्टा लावला.

"हे काय?" नेव्हिल म्हणाला.

"मी बसलेय. चल."

"अगं, वायर अजून..."

"वायर राहू दे. फ्रीज राहू दे. दूध नासलं तर काळा चहा पिऊ. मी आता उतरणार नाही, नेव. गाडी चालव नाहीतर जेवायला मला इथेच ताट आण."

गळ खांद्यावर टाकून मर्व आला आणि बघतच राहिला. "अरे बापरे! निघालात की काय?"

"ही निघालीय," नेव्हिल म्हणाला.

"मग तूही जा की लेका. नाहीतर मी नेतो तिला, मांडीवर केक ठेवून!"

नेव्हिल हसला, पण जादा टायर त्यानं पुन्हा एकदा मोजले. घरात जाऊन तो कपडे भरून आला. तेवढ्यात मर्व ग्लेनिसच्या खिडकीशी टेकला. मी तिच्या मांडीवर पसरलेला होतो. मर्वनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याचं हसू मावळलं.

"अगं ग्लेन, तो तर उल..."

"मर्व," ती हळूच म्हणाली, "मासे खोळंबलेत तुझे."

मर्व तिच्या हातावर एकदा थोपटून निघून गेला. जाताना त्यानं नेव्हिलकडे पाहिलंसुद्धा नाही.

होय, मी उलटा होतो. उत्तर खाली, दक्षिण वर. आणि तसाच मला मांडीवर घेऊन तिनं नेव्हिलला दोन दिवस रस्ता सांगितला.

नेव्हिलचा नियमच होता, चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा आणि शेजारच्यानं नकाशा. "आता?" तो विचारायचा. ती माझ्यावर बोट ठेवून म्हणायची, "सहा किलोमीटरवर फाटक येईल." फाटक यायचं. "आता पूल." पूल यायचा. "वा, काय वाचतेस गं!" तो म्हणायचा. "उगाच घाबरत होतो मी. आधीच यायला हवं होतं."

"हो," ती म्हणायची.

डांबर संपलं, खडखडाट सुरू झाला, दारांच्या फटींतून लाल धूळ आत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या अंगावर बसली. मेलेल्या कांगारूवर गरुड बसला होता. "बघ, बघ, केवढा!" नेव्हिल ओरडला. "बाई गं, केवढा!" ती म्हणाली, आणि चुकीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. नेव्हिल गरुडच बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉजेस वेलला पोचलो.

दगडी खोलीच्या तीन भिंती उभ्या होत्या. जवळ विहिरीचा गोल कठडा होता आणि पलीकडे झाऊचं एक मोठं झाड. रूळ कधीच उचलून नेले होते. वारा होता. नेव्हिलनं तिच्या मांडीवरून मला घेतलं, मी उलटा आहे हे त्याला दिसलं, आणि त्याला त्याची गंमत वाटली. "अगं, डोक्यावर उभा करून वाचत होतीस की काय?" असं म्हणून त्यानं मला सरळ केलं. मला हातात घेतल्याशिवाय तो झाडामागेही जात नसे, म्हणून मी त्याच्याबरोबर निघालो.

ग्लेनिस विहिरीच्या कठड्याला हात लावून उभी होती. तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा झाला होता.

"आई रोज संध्याकाळी मला घेऊन जायची," ती म्हणाली. "इथून झाडाकडे तोंड करायचं आणि चाळीस पावलं. मी मोजायचे. तू थांब, मला आधी जाऊ दे."

ती मोजत निघाली. नेव्हिल थोडं अंतर ठेवून मागे. बाविसाव्या पावलाशी, तिच्या उजव्या हाताला, ती कबर होती. रुळाचे खिळे ठोकून केलेलं लहानसं कुंपण, आणि त्याला तारेनं बांधलेला पत्रा. बापानं खिळ्यानं ठोकून ठोकून त्यावर अक्षरं काढली होती. लेनर्ड. अकरा महिने. गंजलं होतं, पण अक्षर न् अक्षर लागत होतं. नेव्हिलला ते दिसलं, तो थांबला, तीही थांबेल म्हणून हसला.

ती तेवीस म्हणाली आणि पुढे गेली. तिच्या झग्याची किनार त्या कुंपणाला घासली.

चाळिसाव्या पावलाला ती थांबली. तिथे जमिनीत रुळाखालचा एक जुना लाकडी स्लीपर उभा रोवलेला होता, कधीकाळी गुरांना अडवायला रोवला असेल. ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"लेनी," ती म्हणाली. "मी ग्लेनी. आले रे." मग मागे न वळता, मोठ्यानं, "नेव, अक्षरं बघ कशी स्पष्ट आहेत अजून! परवाच लिहिल्यासारखी."

त्या लाकडावर काही नव्हतं.

नेव्हिलच्या मुठीत मी चुरगळलो. त्यानं एकदा कबरीकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीकडे, आणि मग माझ्याकडे. आपण नुकताच सरळ केलेला नकाशा. वाकडी मान, गुडघा, वर्तमानपत्र, मार्कर, सगळं एकदम त्याच्या लक्षात आलं असावं. मग त्यानं जाऊन तिचा दंड धरला.

"ग्लेन, इथे ऊन फार आहे. जरा मागे सावलीत ये."

मागे सावली नव्हतीच. ती उठली, त्याच्याबरोबर चालू लागली. त्यानं तिला कुंपणापाशी आणलं आणि तिचा हात धरून पत्र्यावर ठेवला.

तिची बोटं खिळ्याच्या ठोक्यांवरून सरकली. ल. तिथे जरा थांबली. मग पुढचं अक्षर. शेवटपर्यंत. मग तिनं हात काढून घेतला आणि पदरात तोंड लपवावं तशी टोपी खाली ओढली.

"मी पुढे गेले होते?"

"थोडी."

"किती?"

"अठरा पावलं."

"लहान होते ना मी तेव्हा," ती म्हणाली. "पावलं लहान होती."

मग नेव्हिलनं विचारलं, "केव्हापासून, ग्लेन?"

"तिसरं वर्ष आहे."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर तू मला इथे आणलं असतंस?"

नेव्हिल खोटं बोलला नाही. तो कुंपणाचा एक कललेला खिळा सरळ करू लागला.

"जाऊ दे," ती म्हणाली आणि कुंपणाला टेकून बसली. "आता माझ्यासाठी तू बघ. सांग मला, कसं दिसतंय?"

"उत्तरेला तळं आहे. एकोणीस किलोमीटर. पूर्वेला टेकड्यांची रांग, ती साधारण..."

"आकडे नकोत रे. ते सगळे पाठ आहेत मला. रंग सांग."

"लाल आहे."

"लाल कसला? विटेसारखा? रक्तासारखा? सकाळी वेगळा असायचा आणि दुपारी वेगळा."

नेव्हिलनं समोर पाहिलं. अकरा वर्षं त्यानं हा मुलूख पट्टीनं मोजला होता. मी त्याच्या हातातून पडलो, आणि पन्नास वर्षं यंत्रांशी झुंजलेला तो माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडला.

"मला नाही सांगता येत गं. मी कधी बघितलंच नाही."

तिनं चाचपून त्याचा हात शोधला.

"मग आता बघ," ती म्हणाली. "मी थांबते."

दोन दिवस आम्ही तिथे राहिलो आणि आल्या वाटेनं परत आलो. सहा आठवड्यांचा तो मोठा फेरा कधीच झाला नाही. आता ग्लेनिसला खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. नेव्हिल रोज तिला धक्क्यावर नेतो आणि पाण्याचा रंग सांगतो. चुकतमाकत सांगतो. मर्व मध्येच त्याला सुधारतो, मग दोघांचं भांडण होतं, आणि ती हसते. मी फोनखालच्या खणात असतो. मला उघडायचं आता कुणाला कारण नाही.

तुम्ही मला उघडलंत, म्हणून एक मागणं. कुणी नकाशा विकत घेतलात तर त्याला खराब करा. त्याच्यावर चहा सांडा, त्याला धुळीत पाडा, वाऱ्यात फाडा. त्याला काही वाटणार नाही. आणि तुमच्या घरात कुणी एका जागेवर बोट ठेवून "मला एवढंच बघायचंय" म्हणालं, तर तेवढंच दाखवून आणा, आहे त्या गाडीनं. ग्लेनिसचे डोळे शाबूत होते ती आठही वर्षं मी टेबलावर होतो.